बारदान वजा जाता

कोणतीही संस्था पुरेशी मोठी झाली, की एक दिवस तिला आपल्याच दारात आपली स्वस्त आवृत्ती उभी करावीशी वाटते. हा निसर्गनियम आहे आणि नाशिक त्याला अपवाद नाही. आमच्या भागातल्या एका नामांकित थाळीगृहाने गेल्या वर्षी मागच्या दाराला 'चटकन भोजन' नावाचे दुसरे भोजनालय उघडले. स्वयंपाकघर एकच, आचारी एकच, वांग्याची भाजीही तीच. फक्त मागच्या दाराने गेल्यास पाणी, लिंबू आणि खुर्ची यांचे पैसे वेगळे पडतात. लोक मागच्या दाराला रांग लावतात, जेवतात, आणि बाहेर पडताना पुढच्या दाराकडे बघून हसतात, की आत काय मूर्ख लोक बसलेत. (पुढच्या दाराचे बिल कमी आले असते. पण त्यावर मी बोलणे बरे नाही, कारण मी याच व्यवसायात आहे.)

मी चिमणी एअरचा नाशिक केंद्रप्रमुख. चिमणी एअर म्हणजे सुवर्णगरुड एअरवेजची स्वस्त शाखा. सुवर्णगरुड ही फार मोठी कंपनी. वर्षानुवर्षे तोटा सोसूनही चेहऱ्यावर काही दिसू न देणे याला मोठेपणा लागतो, आणि तो तिच्याकडे आहे. तरीही तिच्या संचालकांना एके दिवशी असे वाटले, की देशातला सामान्य माणूस आपल्यापासून दुरावतो आहे. त्यांनी लगेच पाहणी केली. 'तुम्हाला विमानात जेवण हवे का?' या प्रश्नाला एक्याऐंशी टक्के लोकांनी हो म्हटले. 'तुम्हाला स्वस्त तिकीट हवे का?' या प्रश्नाला नव्व्याण्णव टक्क्यांनी हो म्हटले. (उरलेल्या एक टक्क्याला झोप लागली होती.) नव्व्याण्णव हा आकडा एक्याऐंशीपेक्षा मोठा असल्याने जेवण काढण्यात आले. याच शास्त्रीय पद्धतीने पुढे उशी, पाणी, वर्तमानपत्र, पाय ठेवण्याची जागा आणि आपुलकी काढण्यात आली. जे उरले त्याला चिमणी एअर म्हणतात.

नाशिकला आमचे एकच विमान येते. सकाळी ते सुवर्णगरुड असते आणि दुपारी चिमणी. मधल्या वेळात आमचा काळू शिडी लावून शेपटीवरच्या सोनेरी गरुडावर चिमणीचा स्टिकर चिकटवतो. (आधी चुंबकाचा स्टिकर करून घेतला होता. विमान लोखंडाचे नसते, हे त्या निमित्ताने संचालक मंडळाला कळले.) कर्मचारीही तेच. आमची राखी सकाळी सोनेरी रुमाल गळ्यात बांधून सामानाच्या वजनकाट्याजवळ उभी राहते तेव्हा हसणे तिच्या कामाचा भाग असते. दुपारी ती करडा रुमाल बांधते आणि हसणे बंद होते. चिमणीत हसू सशुल्क आहे. सुरुवातीला राखीला हे जमेना. ती हरसूलकडची मुलगी, समोर माणूस आला की तिला हसू यायचे. मी तिला दोनदा समज दिली. आता तिला इतके छान जमते, की सकाळीसुद्धा हसायची आठवण करून द्यावी लागते.

विमानातल्या घोषणांचेही तसेच. सुवर्णगरुडमध्ये "नमस्कार, आपले मनःपूर्वक स्वागत आहे" इथपासून सुरुवात होते आणि गंतव्य शहराच्या हवामानापर्यंत पोहोचते. चिमणीत एकच घोषणा आहे : "बसा."

पण चिमणीचा खरा आत्मा म्हणजे सामान. सात किलो. त्यावर गेले तर पैसे, आणि ते पैसे असे, की सामानाला वेगळे तिकीट काढून शेजारी बसवले तर स्वस्त पडावे. (तशी सोय नाही. मी विचारून पाहिले आहे.) आमचा वजनकाटा विमानतळाच्या आत नसून बाहेर, दाराजवळच्या पत्र्याखाली आहे. आत जागेचे भाडे पडते. शिवाय बाहेर काटा असला की निरोप द्यायला आलेल्या मंडळींच्या देखत वजन होते, आणि चारचौघांत माणूस पैसे लवकर काढतो. ही कल्पना माझी आहे आणि तिच्याबद्दल मला मुख्यालयातून कौतुकाचा ईमेल आलेला आहे.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी या काट्यासमोर पिंपळगाव बसवंतहून आलेला द्राक्षांचा टेम्पो येऊन थांबला. त्यातून द्राक्षे उतरली नाहीत. सगुणाबाई उतरल्या, त्यांचे यजमान नवनाथराव उतरले, शेजारच्या शकुबाई उतरल्या आणि मागोमाग आळीतल्या दहा-बारा बायका उतरल्या. शेवटी एक पत्र्याची पेटी उतरली. तिला दोघांनी धरले होते.

प्रकरण असे होते. सगुणाबाईंची मुलगी रोहिणी हैदराबादला, दिवस भरलेले, पहिलीच वेळ. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. तेव्हा रोहिणी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरच रोहिणीकडे पाठवावे, असे घरात ठरले. तिकीट सनीने काढले. सनी हा सगुणाबाईंचा मुलगा. तो पुण्यात संगणकावर काम करतो आणि घरी फोनवर असतो. त्याने मोबाइलवर पाहिले, तर सुवर्णगरुडपेक्षा चिमणी दोन प्लेट मिसळीच्या फरकाने स्वस्त होती. कोणताही सुजाण नागरिक करील तेच त्याने केले, आणि वर आईला बजावले, "सात किलोच हं. एक ग्रॅमही जास्त नको."

त्यांनी एक ग्रॅमही जास्त घेतला नव्हता. नवनाथरावांची हयात द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या काट्यावर गेली आहे. त्या धंद्यात भरलेला क्रेट तोलतात आणि रिकाम्या क्रेटचे वजन त्यातून कमी करतात. कांद्याला गोणीचे कमी करतात. हे कमी करायचे ते बारदान. मालाचे पैसे घ्यावेत, बारदानाचे घेऊ नयेत, हे तिकडे लहान पोरालाही कळते. जो घेतो त्याला बाजार समितीच्या आवारात चहा कोणी विचारत नाही. तेव्हा नवनाथरावांनी घरच्या काट्यावर डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, गायीचे तूप, टोपडी-झबली आणि सगुणाबाईंच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी असा सात किलो माल बरोब्बर तोलला. मग तो जाड स्टीलच्या डब्यांत भरला, डबे लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि वरून नाडा आवळला.

राखीने पेटी काट्यावर ठेवून घेतली.

"सोळा किलो दोनशे."

"बारदान वजा करा ताई," नवनाथराव म्हणाले.

राखीने माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो आणि त्यांना समजावले, की विमानाला पेटीचेही वजन लागते.

"माल सातच हाय साहेब. घरून तोलून आणलाय. बाकी पेटी अन् डबे."

"आम्ही पेटीसकट धरतो."

नवनाथरावांनी पेटीकडे पाहिले आणि शेजारी उभ्या सगुणाबाईंकडे पाहिले. मग अतिशय सौम्यपणे त्यांनी विचारले, "मंग बाईला लुगड्यासकट धरता का?"

इथे माझी चूक झाली असे मुख्यालयाचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. प्रवाशाने नियम विचारल्यास नियम सांगावा, हे माझे कर्तव्य होते. मी पुस्तिका उघडून बारावे कलम मोठ्याने वाचले : 'प्रवाशाने परिधान केलेली वस्त्रे व त्यांत सामावलेल्या वस्तू सामानात गणल्या जाणार नाहीत.' हे कलम खिशातल्या चष्म्यासाठी आणि रुमालासाठी केलेले आहे. कलम करणारे दिल्लीकडचे असावेत. त्यांनी नऊवार पाहिले नसावे.

शकुबाई तोवर एका बाजूला सुपात नारळ, तांदूळ आणि खण घेऊन उभ्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईची ओटी भरूनच तिला वाटेला लावायचे, यासाठी ती सगळी आळी टेम्पोत बसून आली होती. त्यांनी कलम नीट ऐकले.

"साहेब, पदर अंगावर का सामानात?"

मी म्हणालो, याबाबत मुख्यालयाशी बोलावे लागेल. बोललो. तिकडच्या अधिकाऱ्याने आधी पदर म्हणजे काय, ते विचारले. मी सांगितले, साडीचे शेवटचे टोक. त्याला चेन आहे का? नाही. चाके? नाहीत. ओढता येईल असा दांडा? नाही. "मग ते सामान नाही," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

मग त्या पत्र्याखाली जे झाले ते नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात झालेले नसावे. बायकांनी सगुणाबाईंना पूर्वेकडे तोंड करून उभे केले. शकुबाईंनी हळदीकुंकू लावले, खण-नारळ घातला, तांदूळ घातले, आणि त्यामागोमाग डिंकाचे लाडू घातले. दुसरीने मेथीचे घातले. तिसरीने अळिवाची पुरचुंडी. तूप पिशवीत बांधून कमरेला बसले, बाळंतशेपा ओच्यात गेला, झबली कासोट्यात. गोधडी खांद्यावरून पांघरली गेली. ऊन मी म्हणत होते, पण सगुणाबाईंना थंडी वाजत असल्याचे शकुबाईंनी मला आपणहून सांगितले. पेटी आणि डबे टेम्पोत परत गेले. बारदान वजा झाले. काट्यावर ठेवायला सगुणाबाईंच्या हातात फक्त चष्म्याचे घर उरले होते. ते राखीने तोलले आणि पावती दिली.

मी हे कायद्याला धरून असल्याने पाहत राहिलो. दुर्दैवाने रांगेतले इतर प्रवासीही पाहत राहिले.

सगळ्यात आधी कॉलेज रोडचे एक निवृत्त प्राध्यापक पुढे आले. जावयाला देण्यासाठी त्यांच्याजवळ बेदाण्यांची पिशवी होती. त्यांनी विचारले, उपरणे चालेल का? कलमात लिंगभेद नव्हता. शकुबाईंनी त्यांची ओटी भरली. मागोमाग दोन संगणक अभियंते आले. त्यांच्याकडे लॅपटॉप, चार्जर आणि घरचे पापड होते. एका तरुणाने आईला व्हिडिओ कॉल लावून धोतर कसे नेसतात ते विचारले. माउलीला भरून आले, मुलगा वळणावर आला असे वाटून तिने वडिलांनाही पडद्यावर बोलावले. ज्यांच्याकडे असे वस्त्र नव्हते त्यांना आळीतल्या बायकांनी टेम्पोतल्या चादरी दिल्या. या काळात झालेल्या एकूण ओट्यांपैकी बेचाळीस टक्के पुरुषांच्या होत्या. आमच्या कंपनीत स्त्री-पुरुष समानतेचे उद्दिष्ट तीस टक्के आहे. (हे मी अहवालात ठळक केले आहे.) राखी प्रत्येकाला पावती देत होती, आणि प्रत्येक पावतीवर सामान शून्य होते. तिच्या ओठांच्या कडा हलत होत्या. मी तिच्याकडे रोखून पाहिले, तेव्हा तिने करडा रुमाल तोंडावर धरला.

सगळे विमानात चढले. चढले म्हणजे एकमेकांना ढकलत वर गेले. पुजारी वाटावा असा पोशाख केलेला अभियंता दारात अडकला होता. आतून घोषणा झाली, "बसा." बरेच जण बसू शकले नाहीत. कॅप्टनने खिडकीतून ही मिरवणूक पाहिली होती. त्याने हिशेब केला आणि कळवले, की चिमणीच्या फेरीला जितके वजन मंजूर आहे त्यापेक्षा हे जास्त आहे, आणि विमान जागचे हलणार नाही.

मी विमानात गेलो आणि सर्वांना विनंती केली, की पदर मोकळे करावेत. कोणी हलेना. सगुणाबाईंनी मला समजावून सांगितले, "भरलेली वटी वाटंत सांडत नसतेत, बाबा. लेकीच्या घरी देवापुढं सोडायची." प्राध्यापक म्हणाले, त्यांचीही तीच अडचण आहे. त्यांना ही अडचण होऊन अर्धा तासही झाला नव्हता, पण श्रद्धेला काळाचे बंधन नसते.

तेवढ्यात सगुणाबाईंचा फोन वाजला. पलीकडे रोहिणी होती. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळ्या विमानाने ऐकले.

"आई, निघालीस का गं? सकाळपासून दुखतंय थोडं थोडं. डॉक्टर म्हणाले, आजच होईल. तू ये ना."

"आले. विमानात बसलेच हाय," सगुणाबाई म्हणाल्या. हे खरे होते. विमान उडत नव्हते, ते त्यांनी सांगितले नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघितले. मला त्या क्षणी माझी नोकरी आवडली नाही. पुढच्या क्षणी पुन्हा आवडली, कारण मुख्यालयाचा फोन आला.

मुख्यालयाने तोडगा काढला होता. चिमणीच्या फेरीसाठी वजनाची मर्यादा कंपनीने ठरवलेली आहे, इंधन वाचावे म्हणून. सुवर्णगरुडच्या फेरीसाठी ती विमान बनवणाऱ्यांनी ठरवलेली आहे. सुवर्णगरुडची मर्यादा भरपूर मोठी आहे. तेव्हा प्रवाशांनी दोन्ही तिकिटांमधला फरक, अधिक ब्रँड-बदल शुल्क, अधिक ओटीचा अधिभार भरावा. काळूने स्टिकर काढावा. मग तेच विमान, तेच प्रवासी आणि तेवढेच लाडू घेऊन आरामात उडेल.

लोकांनी मोबाइल काढले आणि पैसे भरले. अगदी आनंदाने भरले. समोरच्याची पोटातली कळ ऐकल्यावर माणसे अशीच वागतात, हे चिमणीच्या संचालकांना माहीत नसावे, नाहीतर ती कळही सशुल्क झाली असती. सगुणाबाईंच्या वतीने सनीला पुण्याला फोन लावला. सनीने रक्कम ऐकली. सुवर्णगरुडचे तिकीट मुळात काढले असते तर याच्या निम्म्यात झाले असते, हे त्याच्याही लक्षात आले असावे, कारण त्याने रक्कम पुन्हा एकदा विचारून घेतली.

"आई, लाडू ठेवून जा ना. हैदराबादला सगळं मिळतं. डिंकाचे पण मिळतात, पाकिटात."

"मिळत्यात ना? मंग मला तरी कामून धाडतो? बाळंतिणीला न्हाऊ घालनारी बाई बी मिळत आसंल तिथं."

सनीने पैसे भरले. भरल्यावर तो हळूच म्हणाला, "एखादा डबा पुण्याला पण पाठव." सगुणाबाई म्हणाल्या, तुझा डबा दिवाळीपासून फळीवर तसाच हाय, तूच नको म्हनला होता.

काळूने शिडी लावली. चिमणी सोलली गेली आणि खालून सोनेरी गरुड निघाला. राखीने करडा रुमाल सोडून सोनेरी बांधला आणि इतका वेळ अडवून धरलेले हसू एकदम सोडले. ते इतके होते, की शिडीवरचा काळूही हसायला लागला, आणि पडता पडता वाचला. आत घोषणा झाली, "नमस्कार, आपले मनःपूर्वक स्वागत आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईंना पाणी मिळाले, उशी मिळाली, हैदराबादचे हवामानही कळले. मघाशी जे विमान जागचे हलणार नव्हते, ते आता शकुबाई पत्र्याखालून हात हलवत असताना द्राक्षांच्या बागांवरून वर गेले. विज्ञानाने प्रगती केली आहे, पण ब्रँडमध्ये किती ताकद असते, हे विज्ञानाला अजून पुरते समजलेले नाही.

मी काट्यापाशी परत आलो, तर त्यावर दोन डिंकाचे लाडू ठेवलेले होते. ओटी भरतानाच सगुणाबाईंनी बाजूला काढले होते असे शकुबाई म्हणाल्या, एक पोरीला अन् एक साहेबाला. लाडवांची पावती नव्हती. बेवारस वस्तू ताब्यात घ्यावी आणि ती नाशवंत असल्यास जागीच नष्ट करावी, असा नियम आहे. मी माझा नष्ट केला. राखीने तिचा केला. तूप चांगले होते.

रोहिणीला त्या संध्याकाळी मुलगी झाली. आई तासभर आधी पोहोचली होती. गोधडी बाळाच्या अंगावर घातलेला फोटो नवनाथरावांनी मला पाठवला, खाली लिहिले होते, 'वजन तीन किलो शंभर. बारदान वजा जाता.' तो फोटो मी राखीला दाखवला. ड्यूटी चिमणीची होती, तरी मी तिला हसू दिले.

कंपनीने या घटनेपासून बरेच शिकून घेतले. बारावे कलम दुरुस्त झाले असून पदर, ओचा आणि कासोटा यांचे दर आता वेगवेगळे आहेत. चिमणी फार महाग पडते अशा तक्रारी आल्याने तिचीही एक स्वस्त शाखा निघते आहे, तिचे नाव 'पिल्लू'. आणि त्या दिवशीच्या प्रवाशांना आम्ही पाहणीसाठी विचारले, की पुढच्या वेळी तुम्ही कोणत्या विमानाने जाल? शंभर टक्के लोकांनी चिमणीच सांगितली. तिकीट स्वस्त आहे ना, म्हणाले. प्राध्यापकांनी तर परतीचे तिथल्या तिथे काढले.

आता तुम्ही हसत असाल. हसा, वाचताना पैसे पडत नाहीत. मात्र जाता जाता आमच्या कंपनीच्या वतीने तुमचे आभार मानायचे आहेत. मागच्या वेळी घरून निघताना आईने डबा पुढे केला, तेव्हा दारातच तुम्ही म्हणालात, "नको गं, वजन होतं, सातच किलो आहे." आईने डबा पुन्हा फळीवर ठेवला. हेच काम नाशिकला करण्यासाठी आम्हाला एक काटा, एक राखी आणि एक केंद्रप्रमुख पगारावर ठेवावा लागतो. तुम्ही ते आमच्यासाठी घरबसल्या केलेत, फुकट, आणि हसतसुद्धा नव्हतात.